भोर-वेल्ह्यांतील डोंगरी जातींचें शिक्षण : संशोधनाच्या दिशा

मावळांतील देशमुख-देशपांड्यांचीं कागदपत्रें पुष्कळ प्रसिद्ध झालीं आहेत. परंतु त्याच डोंगरांत राहणाऱ्या महादेव कोळी व कातकरी यांच्या मुलांनीं पहिलें अक्षर केव्हां गिरविलें, या प्रश्नाकडे संशोधकांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. याचें कारण संशोधनाच्या आजवरच्या दिशांतच सांपडतें.

पहिली दिशा बंदोबस्ताची. उमाजी नाइकास १८३२ सालीं पुण्यास फांशी दिल्यावर दुसऱ्याच वर्षीं क्याप्टन म्याकिंटॉश याचें रामोशांवरील पुस्तक निघालें, व पुढें लौकरच त्यानें महादेव कोळ्यांविषयींही विस्तृत टिपण लिहिलें. माहिती मोलाची, परंतु बंड कोण करतो व तो कोठें लपतो, ही जिज्ञासा तिच्या मुळाशीं आहे. मुलांची शाळा हा तिचा विषय नव्हे.

दुसरी दिशा सुधारणेची. स्टार्ट समितीचा अहवाल १९३० सालचा. कातकऱ्यांवरील वेलिंग यांचा ग्रंथ १९३४ सालचा. सायमिंग्टन याची चौकशी १९३८ सालीं झाली, ती ठाणें, नाशिक, खानदेश इत्यादि ठिकाणच्या ‘अंशतः वगळलेल्या’ मुलुखापुरती. भोर हें पंतसचिवांचें संस्थान. मुंबई सरकारच्या समित्यांच्या कक्षेंत तें नव्हतें.

८ मार्च १९४८ रोजीं संस्थान विलीन झालें. भोर व वेल्हे पुणें जिल्ह्यांत आले, सुधागड कुलाब्याकडे गेला. एका राज्याचा मुलूख दोन जिल्ह्यांत विभागला. डॉ. घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरील ग्रंथ १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. १९६२ सालीं पुण्यास आदिवासी संशोधनसंस्था निघाली. परंतु १९८५ च्या आदेशानें पुणें जिल्ह्याचें जें अनुसूचित क्षेत्र ठरलें, तें आंबेगांव व जुन्नर तालुक्यांतील आहे. भोर-वेल्हे त्याबाहेर राहिले. आश्रमशाळांचा अभ्यासही साहजिकच क्षेत्राच्या मागें गेला. सीमा कारभाराच्या सोयीसाठीं आंखल्या गेल्या. संशोधकांनीं त्याच आपल्या विषयाच्या सीमा मानल्या, हा आमच्या मतें मुख्य दोष होय.

तो दूर करण्याचें साधन गांवोगांवच्या जुन्या शाळांतील जनरल रजिस्टर हें आहे. मूल कोणत्या वर्षीं दाखल झालें, त्याची जात काय लिहिली, शाळा केव्हां व कां सोडली, हें त्यांत मिळतें. कोळसा पाडण्यास किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेल्या कातकरी मुलाचें नांव कोणत्या महिन्यांत गळतें, हें अशा नोंदी लावून पाहिल्यावांचून कळणार नाहीं.

या कामास दुसरेंही महत्त्व आहे. अनुसूचित जमातीचा दावा तपासतांना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींस विशेष वजन असतें. शिक्षकानें ‘महादेव कोळी’ न लिहितां नुसतें ‘कोळी’ लिहिलें असेल, तर त्या एका शब्दाचा जाच नातवंडांस होतो. अशीं रजिस्टरें वाळवी व ओल यांच्या हातीं जाण्यापूर्वीं त्यांच्या नकला व्हाव्या. शिवकालीन सनदेस आपण जो मान देतों, तोच या वहीस देणें इतिहासाच्या दृष्टीनें न्याय्य आहे.