चेहरा, गाढव आणि काळा दोरा

युरोपातल्या बरोक चित्रकलेशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो चांगलाच जवळचा आहे.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा पहिला चित्रकार शार्ल ल ब्रां याने १६७१ साली पॅरिसच्या राजकीय अकादमीत चेहरा आणि स्वभाव या विषयावर व्याख्यान दिले. शिवराज्याभिषेकाला तेव्हा तीन वर्षे अवकाश होता. ल ब्रांने सिंह, बैल, लांडगा, घुबड, उंट, गाढव अशी डोकी काढली आणि त्या त्या जनावराच्या तोंडवळ्याची माणसेही काढली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ही रेखाटने आहेत. हात कसलेला होता, यात वाद नाही. त्यातला घुबडाच्या डोळ्यांचा माणूस एकदा पाहिला की विसरत नाही. पण नुसते साम्य दाखवून ल ब्रां थांबला नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून रेषा ओढायच्या. त्या कपाळाकडे चढतात की नाकाकडे उतरतात, यावरून जीवाची पायरी ठरवायची, असा त्याचा हिशेब होता. त्याच्याआधी, १५८६ साली, नेपल्सच्या देल्ला पोर्ताने ग्रंथच लिहिला होता: ज्याचे तोंड ज्या जनावरासारखे, त्याचा स्वभावही त्याच जनावराचा.

यातली लबाडी साधी आहे. सिंह उदार आणि गाढव मूर्ख, हे सिंहाने किंवा गाढवाने सांगितलेले नाही. आधी माणसाचे गुण जनावराच्या अंगावर लादायचे आणि मग ते जनावराकडून उसने घेऊन दुसऱ्या माणसाच्या कपाळी मारायचे. शिवाय सिंह कोणाच्या वाट्याला आणि गाढव कोणाच्या, हे दरबारात बसून ठरायचे.

आपल्याकडे हे शास्त्र फार जुने. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषलक्षणांचा अध्याय आहे. सिंह, वाघ, गरुड यांच्यासारख्या मुखाचे पुरुष राजे होतात. गाढवासारख्या मुखाचे निर्धन आणि दुःखी राहतात. दारिद्र्याचे मूळ तोंडात सापडले. सावकार सुटला, वतनदार सुटला, राजाही सुटला! मनुस्मृतीने तर तोंड पाहण्याचीही तसदी घेतली नाही. चांडाळांची संपत्ती म्हणून तिने थेट कुत्री आणि गाढवेच नेमून दिली.

पण मनुस्मृतीचा हाच दहावा अध्याय नीट वाचावा, असे माझे विद्यार्थी मित्रांना सांगणे आहे. अनार्य हा आर्यासारखाच दिसू शकतो, तेव्हा त्याला त्याच्या कर्मावरून ओळखावे, असे तिथे म्हटले आहे. चांडाळांनी राजाज्ञेने ठरवलेल्या खुणा अंगावर घेऊन फिरावे, असेही म्हटले आहे. म्हणजे स्मृतिकाराला माहीत होते, की चेहऱ्यावर काहीही लिहिलेले नाही.

पेशवाईलाही ते माहीत होते. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये पुण्यातल्या अस्पृश्यांच्या गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू यांची हकीकत सांगितली आहे. ती सर्वांना पाठ आहे. तिथेच त्यांनी मनगटातल्या किंवा गळ्यातल्या काळ्या दोऱ्याचीही गोष्ट सांगितली आहे. तिच्याकडे आपले तितके लक्ष जात नाही. हा दोरा कशासाठी? तर स्पृश्याला चुकून विटाळ होऊ नये म्हणून. हा ‘चुकून’ मला फार मोलाचा वाटतो. नाक, डोळे, रंग पाहून जात कळली असती तर दोऱ्याची गरजच काय होती?

दोरा गेला आणि मोजपट्टी आली. अठराव्या शतकात पेट्रुस काम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाने चेहऱ्याचा कोन मोजून वानरापासून ग्रीक पुतळ्यापर्यंत रांग लावली. ल ब्रांच्या रेषांना आता शास्त्राचा अंगरखा मिळाला होता. १८९१ साली हर्बर्ट रिस्ले याने बंगालमधल्या जातिजमातींची नाके मोजून प्रसिद्ध केली. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे. आकडा जितका लहान तितकी जात उंच, असा त्याचा सिद्धान्त. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हाच गृहस्थ होता.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळासंबंधीच्या ग्रंथात हेच आकडे हाती घेतले. डॉ. घुर्ये यांनी मांडलेली नाकांची कोष्टके समोर ठेवून त्यांनी बजावले, की ही मोजमापे खरी मानायची तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ज्या हत्याराने मारायला आले तेच हत्यार त्यांनी हातातून काढून घेतले. त्याआधी, १९३० च्या सुमारास, इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही, असाच त्यांचा निष्कर्ष निघाला. पुढे त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या.

मी राहतो त्या सदाशिव पेठेच्या नावाचे मराठीत विशेषणच झाले आहे, आणि त्या विशेषणाबरोबर एक चेहराही मनात येतो: गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, धारदार नाकाचा. या पेठेत खोली शोधत होतो तेव्हा एका घरमालकांनी चहा दिला, भाडे ठरवले आणि शेवटी पूर्ण नाव विचारले. नाव ऐकल्यावर म्हणाले, “तुमच्याकडे बघून वाटलं नव्हतं हो!” खोली मिळाली नाही. आडनाव हा आजचा काळा दोरा आहे, आणि तो तुटला तरी गाव विचारतात.

चेहरा वाचणाऱ्यांचा हा इतिहास त्यांच्याच बाजूने लिहिला गेला. ज्यांचे चेहरे वाचले गेले त्यांच्यातली एक पुण्यातच बोलली. मुक्ता साळवे, मातंग समाजातली शाळकरी मुलगी, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात गायी-म्हशी आहेत आणि गाढवही आहे. पण तोंड कोणासारखे दिसते, या भानगडीत ती पडत नाही. तिचा सवाल व्यवहाराचा आहे: लंगड्या गाढवाला कोणी मारले तर त्याचा धनी निदान हरकत घेतो, बाजीरावाच्या राज्यात मांग-महारांना मारले तर हरकत घेणारे कोण होते?