डाळ (इंग्रजीतील शब्द व त्याची वर्णरूपे)

डाळ : भरडून, फोल काढून दोन फाकी केलेले कडधान्य, इंग्रजीत, त्याचे शिजवलेले कालवणही. आज हा शब्द डी-ए-एल, डी-एच-ए-एल, डी-ए-ए-एल आणि डी-ए-एच-एल अशा चार प्रकारांनी छापला जातो.

व्युत्पत्ती : फुटणे, दुभंगणे या अर्थाच्या ‘दल्’ या संस्कृत धातूच्या कुळात द्विदल, मराठी ‘दळणे’, हिंदुस्थानी ‘दाल’ व मराठी ‘डाळ’ हे सारे शब्द येतात, इंग्रजांनी त्यांतील हिंदुस्थानी रूप उचलले.

वर्णरूपे : सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीशी संबंध आलेल्या इंग्रजांनी हा शब्द कानी पडला तसा टिपून घेतल्यामुळे जॉन फ्रायरच्या 1673 च्या वृत्तांतात तो ‘डॉल’ असा, तर ऑव्हिंग्टनच्या खिचडीच्या वर्णनात ‘डोल’ असा आढळतो. 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने मथळ्यास एचयुक्त रूप घेतले. मूळ उच्चारात महाप्राण नसूनही ते रूढ राहिले. मद्रासकडील दुकानांतून अखेरीस दोन एल लिहिण्याचा प्रघात पडला, आणि मॉरिशसमध्ये पुरणाच्या धर्तीवर डाळ भरलेल्या पोळीच्या नावात जुने ओकारयुक्त रूप आजही टिकून आहे.

अर्थभेद : अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे मुंबई–चेन्नई लोहमार्गावरील, कर्नाटकाच्या सरहद्दीलगतचे पेठेचे गाव, तेथील कृषी उत्पन्न बाजार समितीत हिवाळ्यात तुरीची आवक सुरू झाली की एकाच ढिगाचा सौदा मराठीत तुरीचा आणि कन्नडात ‘तोगरी’चा म्हणून होतो. भरडल्यावर तीच जिन्नस मराठीत डाळ व कन्नडात ‘बेळे’ ठरते, आणि चुलीवर शिजली की मराठी घरात वरण वा आमटी, तर कन्नड घरात ‘तोव्वे’ होते. दोन्ही भाषांनी कच्चे धान्य व शिजलेले अन्न यांना निरनिराळी नावे दिली; इंग्रजीने मात्र हिंदुस्थानीच्या अनुकरणाने दोन्ही अर्थ एकाच शब्दावर सोपवले.

प्रयोग : भारतीय इंग्रजीत डी-ए-एल हे रूप सर्वाधिक सुटसुटीत असून मूळ उच्चारासही तेच जवळचे आहे. इंग्रजी पाककृती मराठीत आणणाऱ्यांनी, शिजलेला पदार्थ अभिप्रेत असेल तेथे ‘डाळ’ न लिहिता वरण किंवा आमटी असे नेमके नाव योजावे.