रिमोटची कुळकथा

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधकांच्या नावाने लिहिला जातो. बिघडलेले यंत्र जो उघडतो, त्याला त्यात जागा नसते. कामगार चळवळीत वावरलेल्या आम्हांला ही उणीव खटकते. म्हणून घरोघरच्या एका क्षुल्लक वस्तूची कुळकथा येथे सांगत आहोत.

तारेवाचून नियंत्रणाची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कला रेडिओलहरींनी लहानशी नाव चालवून दाखविली. दूरचित्रवाणीसाठी अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली काढलेला नियंत्रक मात्र तारेने संचाला बांधलेला होता. ती तार पायांत अडके. १९५५ साली युजिन पॉली यांनी प्रकाशझोताने चालणारा नियंत्रक केला. हे पॉली १९३५ साली त्याच कंपनीच्या भांडारात नोकरीस लागलेले गृहस्थ! पण त्यांच्या यंत्राला झोत आणि ऊन यांतला भेद कळेना. खिडकीतून ऊन आले की वाहिनी आपोआप बदले.

पुढच्या नियंत्रकात बॅटरी नको, असे विक्री खात्याचे म्हणणे पडले. ती संपली तर गिऱ्हाईक संचच बिघडला असे समजेल, ही भीती! १९५६ साली रॉबर्ट ॲडलर यांनी ही अडचण सोडविली. कळ दाबताच चिमुकली हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर पडे आणि मानवी कानाला ऐकू न येणारा नाद निघे. चार कांड्या, चार नाद, चार कामे. मात्र तो नाद ओळखण्यासाठी संचात सहा जादा व्हॉल्व्ह लागत आणि किंमत सुमारे ३० टक्क्यांनी वाढे.

१९८० नंतर अवरक्त किरणांनी नादाची जागा घेतली. रिमोट स्वस्त झाला, कळा वाढल्या. पण बॅटरी परत आली, आणि तिच्याबरोबर ते जुने दुखणेही. रिमोट मुका झाला की प्रथम सेल बदलून पाहावेत. स्प्रिंगवर पांढरा क्षार चढला असेल तर सेल काढून, व्हिनेगर लावलेल्या फडक्याने तो पुसावा व स्प्रिंग कोरडी होऊ द्यावी. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. टोकाचा दिवा जांभळट दिसला तर किरण निघत आहेत. एखादीच कळ चालत नसेल, तर बहुधा रबराखालचा काळा लेप झिजलेला असतो किंवा तेथे हाताचा तेलकटपणा साचलेला असतो. मोटारीच्या रिमोट किल्लीची जात निराळी. ती रेडिओलहरींवर चालत असल्याने कॅमेऱ्यात काही दिसत नाही. तिचा नाण्यासारखा सेल ठीक असेल, तर कळेखालच्या बारीक स्विचचा सोल्डर सुटला आहे काय, हे पाहावे.

इतके ज्ञान ज्याच्या बोटांत आहे, त्याच्याशी आपण मजुरीची घासाघीस करतो, किंवा वस्तूच फेकून देतो. कित्येक रिमोटांना तर स्क्रूच नसतो. जणू उघडणाऱ्याला दारच बंद! २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केले, ही इष्ट गोष्ट झाली. पण हक्क केवळ गिऱ्हाइकाचा नव्हे. सुटे भाग, नकाशे आणि रास्त मजुरी ही दुरुस्ती करणाऱ्यालाही मिळाली पाहिजेत. पॉली आणि ॲडलर यांना १९९७ साली एमी सन्मान मिळाला. आपल्या पेठेतील कारागिराला सन्मानचिन्ह नको आहे. त्याचा धंदा टिकावा, एवढेच त्याचे मागणे आहे. ते पुरे करणे आपल्या हाती आहे.