वस्त्रहीनांचे मुक्काम

समुद्रकाठी विवस्त्र वावरण्याची हौस ही साहेबाच्या देशातून आलेली, असे आपण धरून चालतो. परंतु गंमत अशी की, ह्या पंथाचे जगातील पहिले ज्ञात मंडळ युरोपात निघाले नाही. ते निघाले आपल्या मुंबई इलाख्यात, 1891 साली. ह्या इतिहासात घरातील वडीलधाऱ्यांसमोर वाचावयास संकोच वाटावा असे काही नाही, हे वाचकांना आधीच सांगून ठेवतो.

ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हे विधुर गृहस्थ ह्या मंडळाचे संस्थापक. मंडळाचे नाव ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’. सभासद सुरुवातीला तिघेच: स्वतः न्यायाधीशमहाराज आणि एका मिशनऱ्याचे दोन चिरंजीव, अँड्र्यू व केलॉग कॅल्डरवुड. ठिकाण माथेरान. आगगाडी तेथे 1907 साली पोचली. तेव्हा ही मंडळी नेरळहून तट्टावर किंवा पायी चढून जात असणार. ज्या डोंगरावर 1850 मध्ये ठाण्याचेच कलेक्टर मॅलेट ह्यांनी साहेबांसाठी थंड हवा शोधून काढली, तेथेच चाळीस वर्षांनी दुसऱ्या ठाणेकर अधिकाऱ्याने कपड्यांपासूनही सुटका शोधली!

हे सारे आपल्याला कळते ते क्रॉफर्डनी एडवर्ड कार्पेंटर ह्या इंग्रज लेखकाला लिहिलेल्या पत्रांवरून. कार्पेंटर साध्या राहणीचे पुरस्कर्ते. बूट टाकून हिंदुस्थानी धर्तीच्या चपला वापरणारे. क्रॉफर्डना ते आपल्या जातीचे वाटले असतील. पुढे क्रॉफर्ड ह्यांची बदली रत्नागिरीस झाली, मंडळ विस्कटले आणि 1894 मध्ये ते वारले. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ अशा लोकांचे पहिले उद्यान 1903 मध्ये उघडले, तर फ्रान्समधील ल्व्हां बेटावर ड्यूरव्हिल बंधूंनी, जे दोघेही डॉक्टर होते, 1931 मध्ये वसाहत वसविली. म्हणजे आमचे माथेरान त्यांच्या पुष्कळ आधीचे.

आता माझ्या मनात येते ते असे. क्रॉफर्ड ज्या मुलखात न्यायनिवाडा करीत होते, तेथे उघडे अंग कोणाला नवे होते? कोळी लंगोटीवर होडी हाकीत, कातकरी तशाच वेषात रान तुडवीत. आमच्या पुण्याच्या वाड्यांत नरकचतुर्दशीच्या पहाटे सारी बालसेना अंगणातल्या पाटावर तेल चोपडून घेई, तेव्हा कपड्यांची आठवण कोणाला? परंतु कोळ्याची लंगोटी हे त्याच्या कामाचे वस्त्र, आणि गोऱ्या न्यायाधीशाचे विवस्त्र होणे ही एक हौस. साहेबाला आपली हौस लपवावी लागली, ह्याचे कारण मला वाटते त्याचा हुद्दाच. खुर्चीचा धाक कपड्यांवर बराच अवलंबून असतो!

हा प्रश्न चव्हाट्यावर आणला तो एका मराठी माणसाने. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. जन्म 1882 चा, क्रॉफर्ड जेथे बदलून गेले त्याच रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचा. शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलात व फर्ग्युसन कॉलेजात. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गेली. 15 जुलै 1927 रोजी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र! उघड्या देहात मुळात अश्लील काही नाही, अश्लीलता पाहणाराच्या मनात असते, ही त्यांची भूमिका. क्रॉफर्डनी जे तिघांत ठेवले, ते ह्यांनी छापून टपालाने घरोघर धाडले.

1931 साली खटला झाला. फिर्यादीमागे आमच्या पुण्याची सनातनी मंडळी होती, हे नमूद करताना पुणेकर म्हणून मला मौज वाटत नाही. शंभर रुपये दंड झाला. 1934 मध्ये दुसरा खटला. ह्या वेळी कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचक लैंगिक शंका विचारतात, त्यांना उत्तर देणे अश्लील कसे, असा त्यांचा बिनतोड प्रश्न. न्यायालयाला तो पटला नाही, दंड दोनशे. मासिक मात्र 1953 मध्ये कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. पदरमोड करून एवढा हट्ट चालविणारा माणूस विरळा. त्यांची सगळीच मते मला पटत नाहीत. पण त्यांनी त्यांची किंमत स्वतः भरली.

हे मी मुद्दाम म्हणतो, कारण पुढच्या मंडळींनी ती भरली नाही. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात कळंगूट, हणजुणे, वागातोर ह्या किनाऱ्यांवर हिप्पी उतरले. कित्येक जण विवस्त्र हिंडत व पोहत. हणजुणे म्हणजे रापणकारांचे, ख्रिस्ती व हिंदू कुळांचे देवभोळे गाव. त्या वाळूवर लोक काष्टी नेसून जाळी ओढीत होते. त्यांना उघड्या अंगाचे नवल नव्हते. पण चर्चला निघालेल्या आयाबहिणींच्या वाटेवर हा प्रकार चालावा काय, हे गावाला कोणी विचारले नाही. गावाने भाड्याने खोल्या दिल्या, चार पैसे मिळविले आणि मान खाली घालून चालावयास शिकले. त्याहून लाजिरवाणी गोष्ट आपल्याकडची: हिप्पींना बघावयास आपल्याच लोकांच्या बसगाड्या भरभरून जाऊ लागल्या. कर्वे म्हणत ती पाहणाराच्या मनातली अश्लीलता ह्या गाड्यांतून उतरत होती.

मालदीव बेटांनी मात्र निराळा तोडगा काढला. तेथील प्रजा मुसलमान, विवस्त्र स्नानाला कायद्याने बंदी. 1972 पासून पर्यटन सुरू झाले ते निर्मनुष्य बेटांवर. वस्तीची बेटे अलग राहिली. पुढे वस्तीच्या बेटांवरही पाहुणे आले, तेव्हा किनाऱ्याचा एक तुकडा आडोसा करून पोहण्याच्या तोकड्या कपड्यांसाठी राखला. आडोशापलीकडे, गावाच्या गल्लीत शिरताना, पाहुण्याने खांदे व गुडघे झाकावयाचे.