जेट इंधनात कालवलेला कार्बन

क्रूझ क्षेपणास्त्राची टाकी लहान. पल्ला वाढवायचा तर लिटरमागे ऊर्जा वाढायला हवी. म्हणून १९८०च्या दशकात अमेरिकेत जेपी-१० या इंधनात कार्बनची अतिसूक्ष्म पूड कालवून पाहिली गेली. कार्बनची घनता जास्त, त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ऊर्जा मावते. खरी अडचण ज्वलनात होती. थेंबातला द्रव आधी उडून जातो आणि उरलेल्या कणांचा सच्छिद्र गोळा बनतो. मूळ कण मायक्रोमीटरहून लहान असले, तरी जाळावा लागतो तो हा गोळाच, आणि इंजिनात त्याला मिळतात जेमतेम काही मिलिसेकंद. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात जी. एम. फेथ व सहकाऱ्यांनी सुटे थेंब जाळून हा क्रम बारकाईने उलगडला. हे काम फार मोलाचे. फवारा जितका बारीक, तितका गोळा लहान. गोळ्याची सच्छिद्रता आणि कार्बनची अभिक्रियाशीलताही ज्वलनाचा वेग ठरवतात. ही अभिक्रियाशीलता वाढवण्यासाठी उत्प्रेरकही मिसळून पाहिले गेले.