माथियास सामर: बचावफळीतून संचालकपदाकडे
ड्रेस्डेनमध्ये १९६७ साली जन्मलेल्या माथियास सामर यांनी १२ सप्टेंबर १९९० रोजी ब्रुसेल्समध्ये बेल्जियमविरुद्ध पूर्व जर्मनीच्या फुटबॉल संघाचे नेतृत्व केले आणि संघाचे दोन्ही गोल नोंदवले. विलीन होऊ घातलेल्या त्या देशाचा तो अखेरचा सामना होता. मुळात मधल्या फळीतील हे खेळाडू डॉर्टमुंड क्लबमध्ये ‘लिबेरो’ झाले, म्हणजे कोणा एका प्रतिस्पर्ध्याशी बांधले न जाता बचावफळीच्या मागे राहणारे आणि चेंडू मिळताच पुढे सरसावून चढाई उभारणारे मुक्त बचावपटू; जर्मनीने १९९६ची युरो स्पर्धा जिंकल्यावर त्यांना मिळालेला बॅलन डी’ओर हा युरोपातील वर्षाच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार बचावपटूच्या वाट्याला क्वचितच येतो, म्हणून तो त्या भूमिकेचाच गौरव मानावा लागेल. गुडघ्याच्या दुखापतीने खेळ अकाली थांबला, तरी २००२मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, प्रशिक्षक म्हणून त्यांनी डॉर्टमुंडला बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च साखळी स्पर्धा, जिंकून दिली. २००६पासून जर्मन फुटबॉल महासंघाचे क्रीडासंचालक, म्हणजे खेळाडू घडवण्याच्या दीर्घ योजनेचे प्रमुख, या नात्याने केलेले त्यांचे काम मात्र अधिक मूलगामी ठरते, कारण २००९मध्ये २१ वर्षांखालील युरोपीय विजेतेपद मिळवणाऱ्या संघातील नॉयर, हुमेल्स आणि ओझिल हेच पुढे २०१४च्या विश्वविजेत्या संघात होते.