खोटे उपग्रह, खरी परीक्षा

आगगाडीचा नवा पूल रहदारीस खुला करण्यापूर्वीं त्यावर भार घालून त्याची कसोटी घेतात. परंतु ज्या यंत्राचा सारा भरंवसा आकाशांतील उपग्रहांवर, त्याची कसोटी उपग्रहच नसतांना कशी घ्यावी? जी. पी. एस. ही स्थाननिश्चितीची पद्धति उभारणाऱ्यांपुढें हाच प्रश्न होता.

प्रथम यंत्राचें तत्त्व पाहूं. उपग्रह रेडिओलहरींनीं नेमका काळ कळवितो. संदेश पोहोंचण्यास किती वेळ लागला, यावरून ग्राहकयंत्र अंतर काढतें. स्थानाचे तीन अंक व स्वतःच्या घड्याळाची चूक, अशीं चार अज्ञात पदें असल्यामुळें निदान चार उपग्रह लागतात. लहरी सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवतात; काळांत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरांनीं चुकतें. इतक्या नाजूक हिशेबाची खात्री पटल्यावांचून उपग्रहांवर अपार पैसा कोण खर्च करणार?

म्हणून अमेरिकन हवाई दलानें सन १९७१-७२ मध्यें न्यू मेक्सिकोंतील व्हाइट सँड्स येथें जमिनीवर व बलूनवर प्रेषकयंत्रें ठेवून त्यांसच उपग्रह मानलें. पुढें १९७७ मध्यें ॲरिझोनांतील यूमाच्या वाळवंटांत हीच युक्ति योजिली. तेथें आकाश जणूं उलटें झालें: उपग्रह खालीं जमिनीवर, आणि ग्राहकयंत्र वर विमानांत! पहिला जी. पी. एस. उपग्रह उडाला २२ फेब्रुवारी १९७८ रोजीं. ग्राहकयंत्रें त्यापूर्वींच परीक्षेस बसलीं होतीं.

आतां बऱ्याचशा परीक्षेस वाळवंट लागत नाहीं. सिम्युलेटर नांवाचें यंत्र एखादें स्थळ व काळ धरून प्रत्येक उपग्रह तेव्हां कोठें असेल याचें गणित करतें, त्याचा संदेश योग्य विलंबानें निर्माण करतें आणि तारेनें ग्राहकयंत्रास पुरवितें. खरें उत्तर परीक्षकास आधींच ठाऊक असतें, आणि तोच प्रश्न हवा तितक्या वेळां घालतां येतो. पुढची तारीखही आज आणतां येते. जी. पी. एस.च्या मूळ संदेशांत आठवड्यांची मोजणी १,०२४ झाली कीं पुन्हां शून्यापासून सुरू होते. असा प्रसंग ऑगस्ट १९९९ व एप्रिल २०१९ मध्यें आला; त्या वेळीं यंत्र गोंधळेल काय, हें सिम्युलेटरवर आधींच पाहतां येत होतें.

परंतु या विद्येस दुसरी बाजूही आहे. जून २०१२ मध्यें त्याच व्हाइट सँड्सच्या परिसरांत टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या पथकानें बनावट संदेश सोडून एका लहानशा वैमानिकरहित हेलिकॉप्टरास आपण वर चढत आहों असें भासविलें. तें खालीं येऊं लागलें. प्रयोग परवानगीनें, धोका दाखविण्यासाठींच केला होता. जहाजें आणि विमानें ज्यावर विसंबतात, त्या यंत्रास केवळ स्थान सांगतां येऊन भागत नाहीं. कोणत्या संदेशावर विश्वास ठेवूं नये, हेंही त्यास कळलें पाहिजे. त्याची परीक्षा घेण्यास पुन्हां हे खोटे उपग्रहच कामीं येतात.